विसार देण्याआधी पाण्याला विचारा

पोरांनो, घर बघायला गेलात की तुमची नजर फरशीवर जाते, ओट्यावर जाते, हॉलमधल्या पीओपीवर जाते. जाऊ दे, राहायचं तुम्हालाच आहे. पण सांगली-मिरजेत घरं बांधण्यात आणि त्याहून जास्त घरं दुरुस्त करण्यात माझं आयुष्य गेलं. त्यातून एक गोष्ट पक्की कळली. आपल्या भागात घराला दुखणं लागतं ते पाण्यानं. नदीचं पाणी, जमिनीतलं पाणी, गच्चीवरचं पाणी आणि संडास-बाथरूमचं पाणी, अशी ही चार पाणी. प्रत्येक पाणी घरात कुठून शिरतं आणि कुठून बाहेर पडतं एवढं शोधलंत, तर घर तुमच्यापासून काही लपवू शकत नाही. विसार द्यायच्या आधी हे काम करायचं. ते कसं करायचं, ते सांगतो.

आधी नदीचा हिशेब

सांगलीत घर घेणाऱ्यानं पहिला आकडा लक्षात ठेवायचा तो कृष्णेवरच्या आयर्विन पुलाचा. १९२९ साली हा पूल वाहतुकीला खुला झाला आणि तेव्हापासून सांगलीकर पुराची गोष्ट त्याच्याच फुटांत सांगतो. ४० फुटांना इशारा, ४५ ला धोका. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. २००५ आणि २०२१ लाही ते ५० च्या पुढं होतं. म्हणून घरमालकाला "इथं पूर येतो का?" असं मोघम विचारू नका. "२०१९ ला पाणी कितव्या पायरीपर्यंत होतं?" असं विचारा. मग तोच प्रश्न शेजारच्या दोन घरांत, कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात आणि गल्लीतल्या इस्त्रीवाल्याला विचारा. ज्यानं पाण्यातून आपलं सामान काढलंय, तो माणूस भिंतीवर हात ठेवून खूण दाखवतो.

भिंतीला रंग दिला तरी पुराच्या खुणा राहतात. जिन्याखालची मोकळी जागा, मीटरच्या पेटीची मागची बाजू, कंपाउंडची न रंगवलेली आतली बाजू आणि लोखंडी गेटची बिजागरी बघा. गाळाची पिवळट-तपकिरी रेघ तिथं सापडते. स्विचबोर्डाचा एक स्क्रू काढायला लावा. आत मातीचा पातळ थर असेल, तर पाणी तिथवर आलं होतं. कपाटाच्या प्लायचं खालचं टोक फुगलंय का, हेही हात फिरवून बघा.

यानंतर कागद. जलसंपदा खात्यानं नदीकाठी निळी आणि लाल अशा दोन पूररेषा आखलेल्या असतात. साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती निळी आणि १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती लाल. निळ्या रेषेच्या आत बांधकामाला बंदी असते आणि दोन रेषांच्या मधे निर्बंध असतात. आपला सर्व्हे नंबर कुठं पडतो ते महापालिकेच्या नगररचना विभागात विचारा आणि झोन दाखला हातात घ्या. तोंडी उत्तरावर थांबू नका.

पायाखालची माती

कृष्णाकाठची काळी जमीन उसाला सोनं आहे, घराच्या पायाला मात्र ती जड जाते. पावसात ती फुगते, उन्हाळ्यात आक्रसते आणि दरवर्षी पायाला वर-खाली ढकलते. जुन्या गवंड्यांचा नियम होता की मुरूम लागल्याशिवाय पाया थांबवायचा नाही. आता खोल काळ्या मातीत खाली फुगवटा असलेले अंडर-रीम्ड पाइल घालतात. या घराचा पाया किती खोल गेला आणि कशावर टेकला, हे विचाराच. उत्तर मिळालं नाही तर भेगा वाचा.

गिलाव्यावरच्या केसासारख्या भेगांना भिऊ नका. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी निघालेली, खाली अरुंद आणि वर रुंद होत गेलेली, बाहेरून आणि आतून दोन्हीकडं दिसणारी भेग असेल तर थांबा. तिच्यावर सिमेंटची एक छोटी पट्टी आडवी लावा आणि तारीख लिहा. काही आठवड्यांत पट्टी तडकली तर पाया अजून हलतोय. दारं पावसाळ्यात अडकतात आणि उन्हाळ्यात मोकळी होतात का, तेही विचारा. लाकूड पावसात थोडं फुगतंच. पण चौकटच वाकडी झाली असेल तर दोष मातीचा आहे. पाटण-कोयना भागात घर घेणाऱ्यानं आणखी काळजी घ्यावी. ११ डिसेंबर १९६७ चा भूकंप त्या भागातल्या दगडमातीच्या जुन्या भिंतींनी सोसलाय, म्हणून तिथल्या भेगा इंजिनिअरकडूनच तपासून घ्या.

ओल, लोणा, बुरशी

घर एप्रिलमध्ये बघायचं आणि जुलैत राहायला जायचं, ही मोठी चूक. जमलं तर भर पावसात, सलग दोन-तीन दिवस झड लागल्यावर घर बघा. तसं जमणार नसेल तर पुढच्या खुणा शोधा.

एकाच भिंतीला, तीही कमरेपर्यंतच, ताजा रंग दिसला तर कपाट सरकवायला सांगा. भिंतीवर मिठासारखी पांढरी पूड, म्हणजे लोणा, आणि पोपडे दिसले तर जमिनीतली ओल वर चढतेय. विटा जोत्यातून पाणी वर ओढतात. त्याला अडवायला जोत्यावर डीपीसीचा थर लागतो. तो नसला किंवा फाटला, की वरून कितीही वॉटरप्रूफ रंग मारा, पुढच्या पावसाळ्यात तो पापुद्र्यासारखा सुटतो. छताच्या कोपऱ्यात तपकिरी कडेचा डाग असेल तर पाणी गच्चीतून येतंय. भिंतीच्या मधोमध ओल असेल तर पलीकडं बाथरूम किंवा नळाची पाइप आहे का ते पाहा.

साधी परीक्षा सांगतो. फूटभर चौकोनी प्लास्टिक घ्या आणि संशय असलेल्या भिंतीवर चारी कडांनी चिकटपट्टीनं घट्ट बसवा. दुसऱ्या दिवशी बघा. भिंतीकडच्या बाजूला थेंब जमले असतील तर ओल भिंतीच्या आत आहे. खोलीकडच्या बाजूला जमले असतील तर हवा कोंडतेय, त्यासाठी खिडकी किंवा एक्झॉस्ट पंखा पुरेल. दोन दुखण्यांचा खर्च फार वेगळा आहे, म्हणून ही परीक्षा चुकवू नका.

बुरशी आधी नाकाला कळते. बंद खोलीचं दार उघडल्याबरोबर पहिला श्वास घ्या, कारण थोड्या वेळानं नाक सरावतं. उदबत्ती लावलेली असेल किंवा सुगंधी फवारा मारलेला असेल तर दुसऱ्या दिवशी न सांगता जा. गादीखाली, कपाटाच्या मागच्या फळीवर आणि ओट्याखालच्या कोपऱ्यात टॉर्च मारा. काळे-हिरवे ठिपके कोरड्या फडक्यानं झाडू नका, बुरशीची बीजं हवेत उडतात. तोंडाला मास्क लावा, खिडक्या उघडा, साबणाच्या पाण्यानं पुसा आणि फडकं टाकून द्या. घरात दम्याचं माणूस किंवा तान्हं मूल असेल तर ओल बंद केल्याशिवाय त्या खोलीत झोपू नका. मूळ ओल थांबली नाही तर पुसलेली बुरशी परत येते.

वाईकडं किंवा साताऱ्यात जुना वाडा घेणार असाल, तर पांढऱ्या मातीच्या भिंतीवर कुणी सिमेंटचा गिलावा चढवलाय का बघा. मातीची भिंत ओल घेते आणि सोडते. सिमेंट ती आत कोंडतं आणि भिंतीत शिरलेली तुळयांची टोकं आतून कुजतात. तुळईच्या टोकाला पेचकसानं टोचा. टोक भसकन आत गेलं तर लाकूड गेलं. अशा भिंतीला चुन्याचाच गिलावा हवा.

गच्ची आणि नळ

गच्चीवर चार-पाच बादल्या पाणी ओता आणि ते कुठं थांबतं ते बघा. नाल्याकडं गेलं तर उतार बरोबर. मधेच तळं साचलं तर त्याच्या खालच्या खोलीचं छत तपासा. पाण्याच्या टाकीत रात्री पाण्याच्या पातळीला पेन्सिलीची खूण करा, सगळे नळ बंद ठेवा आणि सकाळी बघा. पातळी उतरली असेल तर पाणी घरातच कुठंतरी मुरतंय. बाथरूमच्या फरशीवर काठीच्या मुठीनं ठोका. पोकळ वाजली तर फरशी खालून सुटलीय, तिथून पाणी मुरत असू शकतं.

संडासाची टाकी

इथं सगळ्यात जास्त फसवणूक होते, कारण टाकी बघायची लाज वाटते आणि झाकणावर फरशी बसवलेली असते. लाज सोडा. "टाकी कुठाय, झाकण कुठाय, शेवटी कधी उपसली?" हे तीन प्रश्न मालकाला स्पष्ट विचारा. "वीस वर्षांत टाकी उपसावीच लागली नाही" असं कुणी अभिमानानं सांगितलं तर खूश होऊ नका. घरात माणसं राहत असतील तर टाकीत गाळ साठतोच आणि दोन-तीन वर्षांनी तो उपसावाच लागतो. वीस वर्षं तिची आठवण आली नाही याचा अर्थ बहुतेक वेळा असा, की टाकीचा तळ फुटलाय किंवा तिचं तोंड सरळ गटारीत सोडलंय. पहिल्या कारणानं शेजारच्या विहिरी-बोअरचं पाणी नासतं, दुसऱ्यानं सगळ्या गल्लीचं आरोग्य जातं.

पाच माणसांच्या घराला सुमारे पाच फूट लांब, अडीच फूट रुंद आणि साडेतीन फूट पाणी राहील एवढी टाकी किमान हवी. टाकीतून निघणारं पाणी शोषखड्ड्यात मुरायला हवं आणि तो खड्डा पिण्याच्या विहिरीपासून साठ फूट लांब हवा. आता आपली काळी माती आठवा. ती भिजली की फुगून पाणी मुरूच देत नाही. शामरावनगरसारख्या सखल, काळ्या जमिनीच्या वस्त्यांत पावसाळ्यात पाणी साचण्याच्या तक्रारी वर्षानुवर्षं आहेत. तिथं शोषखड्डा पावसात तुडुंब भरतो आणि मैला संडासाच्या भांड्यात उलटा येतो. अशा जागी महापालिकेची भुयारी गटार दारापर्यंत आली आहे का आणि या घराचं कनेक्शन खरंच जोडलंय का, हे चेंबरचं झाकण उघडून बघा.

परीक्षा सोपी आहे. एकानं संडासात बादलीमागून बादली पाणी ओतायचं आणि दुसऱ्यानं बाहेरच्या चेंबरपाशी उभं राहायचं. पाणी लगेच पुढं सरकलं तर ठीक. भांड्यात चढलं, नहाणी ट्रॅपमधून गुडगुड आवाज आला किंवा बाहेरच्या उघड्या गटारीत वाहू लागलं, तर मालकाशी पुढचं बोलणं तिथूनच सुरू करा. अंगणात एकाच पट्ट्यात गवत गर्द हिरवं असेल, जमीन मऊ लागत असेल तर खाली पाझर आहे. व्हेंट पाइपच्या तोंडाला जाळी आहे ना, तेही बघा. ती नसेल तर घरातल्या डासांचं कारण तिथंच आहे. आवारात विहीर किंवा बोअर असेल तर पाणी भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेत तपासून घ्या आणि कोलिफॉर्म जंतूंची तपासणी आवर्जून मागा.

पूरपट्ट्यातल्या घरात संडासाच्या वाहिनीला उलट पाणी रोखणारा व्हॉल्व्ह बसवलाय का, ते विचारा. नदी दारात यायच्या आधी मैला भांड्यातून वर येतो. पूर ओसरल्यावर लगेच टाकी रिकामी करू नका. जमिनीतलं पाणी वर असताना रिकामी टाकी खालच्या दाबानं उचलली जाते, तडकते. पाणी उतरू द्या, मग उपसा.

आता सगळ्यात महत्त्वाचं, बंद टाकीतल्या वायूचं. सांगलीजवळच्या हरिपुरात हळद साठवायची पेवं असायची, जमिनीत खोल खणलेली.  पेव उघडलं की जाणता माणूस लगेच आत उतरत नसे. वायू जाऊ द्यायचा, मग कंदील खाली सोडायचा, तो विझला तर माघार. ही सावधगिरी बरोबर होती, पण संडासाच्या टाकीला ती चालत नाही. तिथला वायू पेट घेतो, म्हणून कंदील, काडी, बिडी काहीही जवळ नेऊ नका. आणि नुसता वास घेऊन किंवा वाकून अंदाज करू नका. तिथल्या विषारी वायूनं माणूस क्षणात कोसळतो आणि त्याला काढायला उतरलेला दुसराही जातो. टाकी उपसायला उपसा करणारी गाडीच बोलवा. माणसाला सुरक्षासाधनांशिवाय टाकीत उतरवणं हा २०१३ च्या कायद्यानं गुन्हा आहे. अशा मृत्यूला ३० लाख रुपये भरपाई द्यावी, असं सर्वोच्च न्यायालयानं २०२३ मध्ये सांगितलंय. पैशाचं सोडा, कुणाचा तरी पोटचा पोर आहे तो.

शेवटी कागद आणि बोलणं

बांधकाम परवाना, मंजूर नकाशा आणि भोगवटा प्रमाणपत्र बघा. गुंठेवारीतलं घर असेल तर २००१ च्या कायद्याखाली ते नियमित झालंय का, याचा दाखला मागा. मंजूर नकाशात टाकी आणि शोषखड्डा जिथं दाखवलाय, तिथंच ते आहेत का, हे पावलांनी मोजून बघा. तुमच्या ओळखीचा इंजिनिअर, एक जुना गवंडी आणि एक प्लंबर असे तिघे सोबत न्या. मालकाचा माणूस मालकाचीच बाजू सांगणार.

सापडलेली प्रत्येक खोट कागदावर लिहा, दुरुस्तीचा अंदाजे खर्च काढा आणि तेवढी रक्कम किमतीतून उतरवून मागा. मालक दुरुस्ती करून देतो म्हणाला तर ते साठेखतात तारखेसह लिहून घ्या. पाया हलत असेल किंवा घर निळ्या रेषेच्या आत असेल, तर किंमत कितीही उतरली तरी ते घर घेऊ नका. घर आवडलं म्हणून घाईनं विसार देऊ नका, कारण खरेदीपत्रावर सही झाली की घराचं दुखणं तुमचंच होतं.