शिक्षणासाठीं कर्ज : सही करण्यापूर्वींचा हिशेब



बारावीचा निकाल लागला म्हणजे गांवोगांवच्या घरांत आनंदाबरोबर एक चिंताही येते. मुलानें किंवा मुलीनें पुढें शिकावें अशी इच्छा असते. परंतु फी, वसतिगृह, खाणावळ व पुस्तकें ह्यांस पैसा कोठून आणावा? अशा वेळीं कोणी शेत गहाण टाकतो, कोणी सावकाराचें दार ठोठावतो, तर कोणी बँकेचे कागद न वाचतांच सही करून मोकळा होतो. उलट कांहीं आईबाप कर्जाच्या केवळ भीतीनें हुशार मुलीचें शिक्षण तेथेंच थांबवितात. दोहोंतही नुकसान आहे. बुरूज बांधण्यापूर्वीं बसून खर्चाचा हिशेब करणाऱ्या मनुष्याचा दाखला (लूक 14) आपणांस ठाऊक आहे. तोच हिशेब आज आपण शिक्षणाच्या कर्जाविषयीं करूं.

1. जें परत फेडावें लागत नाहीं तें आधीं शोधावें

महाराष्ट्र सरकारच्या बहुतेक शिष्यवृत्त्यांचे अर्ज महाडीबीटी ह्या संकेतस्थळावर भरावे लागतात. राजर्षि छत्रपति शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ति योजनेंत, घरचें वार्षिक उत्पन्न 8 लाख रुपयांपर्यंत असणाऱ्या पात्र विद्यार्थ्यांस शुल्काचा भार हलका करून मिळतो. जुलै 2024 मध्यें सरकारनें असें ठरविलें कीं, आर्थिक दृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक दृष्ट्या मागास आणि इतर मागास वर्गांतील ज्या मुलींच्या घरचें उत्पन्न ह्याच मर्यादेंत आहे, त्यांचें व्यावसायिक अभ्यासक्रमाचें शिक्षणशुल्क व परीक्षाशुल्क पूर्णपणें माफ व्हावें. मात्र प्रवेश सरकारी प्रवेशप्रक्रियेंतून झालेला असावा. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला व आधार जोडलेलें बँकेचें खातें हीं निकालापूर्वींच तयार ठेवावीं. कारण दाखल्यावांचून हक्काची मदतही हातची जाते.

दुसरी वाट श्रमाची. कर्मवीर भाऊराव पाटील ह्यांनीं 1919 सालीं रयत शिक्षण संस्था स्थापिली व गरीब मुलांस काम करून शिकण्याचा मार्ग दाखविला. ‘कमवा व शिका’ ही योजना आजही अनेक महाविद्यालयांत चालते. त्यानें सगळा खर्च भागत नाहीं. परंतु जेवढें मिळतें तेवढें कर्ज कमी होतें.

2. बँकेचें कर्ज कसें असतें

इंडियन बँक्स असोसिएशननें आंखून दिलेल्या नमुना योजनेप्रमाणें 4 लाख रुपयांपर्यंतच्या कर्जास तारण लागत नाहीं; आई किंवा बाप सहकर्जदार म्हणून सही करतात. अभ्यासक्रम पुरा होईपर्यंत व त्यापुढें एक वर्ष हप्ता भरावा लागत नाहीं. नंतर फेडीस 15 वर्षांपर्यंत मुदत मिळूं शकते. नोव्हेंबर 2024 मध्यें मंजूर झालेल्या पीएम विद्यालक्ष्मी योजनेंत निवडक दर्जेदार संस्थांच्या विद्यार्थ्यांस तारणावांचून व जामिनावांचून कर्ज मिळतें. तसेंच घरचें उत्पन्न साडेचार लाखांपर्यंत असून अभ्यासक्रम तांत्रिक किंवा व्यावसायिक असल्यास, अटी पुऱ्या होत असतील तर, हप्ता नसलेल्या काळाचें व्याज सरकार भरतें. ह्यास्तव बँकेंत गेल्यावर पहिला प्रश्न हाच विचारावा: “व्याजाची सवलत आम्हांस लागू आहे काय?”

3. हप्ता थांबतो, व्याज थांबत नाहीं

बहुतेकांची फसगत येथेंच होते. असें समजा कीं, चार वर्षांच्या अभ्यासक्रमासाठीं दरवर्षीं आरंभीं 1 लाख, असे एकंदर 4 लाख रुपये घेतले व व्याज शेंकडा 9 आहे. (दर बँकेप्रमाणें निरनिराळा असतो, हा हिशेबापुरता धरला आहे.) सवलतीचें वर्ष धरून पांच वर्षें हप्ता नाहीं. परंतु पहिल्या लाखावर पांच वर्षांचें सरळव्याज 45 हजार, दुसऱ्यावर चार वर्षांचें 36 हजार, तिसऱ्यावर 27 हजार व चौथ्यावर 18 हजार होतें. म्हणजे फेडीच्या पहिल्या दिवशीं देणें 4 लाख नसून 5 लाख 26 हजार असतें.

तें 10 वर्षांत फेडल्यास महिन्याचा हप्ता सुमारें 6,660 रुपये पडतो व एकंदर सुमारें 8 लाख जातात. मुदत 15 वर्षें केल्यास हप्ता सुमारें 5,335 वर उतरतो, पण एकंदर सुमारें 9 लाख 60 हजार भरावे लागतात. हप्ता लहान दिसला म्हणून कर्ज स्वस्त झालें असें समजूं नये.

आतां उपाय पाहा. व्याज महिन्याच्या महिन्यास भरीत गेल्यास पहिल्या वर्षीं महिना 750, दुसऱ्या वर्षीं 1,500, तिसऱ्या वर्षीं 2,250 व पुढें 3,000 रुपये लागतात. मग मुद्दल 4 लाखच राहतें, 10 वर्षांच्या फेडीचा हप्ता सुमारें 5,070 होतो, आणि एकंदरींत सुमारें 65 हजार रुपये वांचतात. सगळें व्याज देणें जमलें नाहीं तरी एका शेळीच्या विक्रीचे पैसे भरले तरी तेवढा भार उतरतो.

4. कर्ज किती घ्यावें

महाविद्यालयाची जाहिरात पाहून हें ठरवूं नये. तोच अभ्यासक्रम पुरा केलेल्या दोघातिघांस पहिला पगार किती मिळाला तें विचारावें. ज्यास महिना 15 हजार मिळतील, त्यानें 6,660 चा हप्ता दिल्यावर उरलेल्या 8,340 रुपयांत शहरांतील भाडें व जेवण कसें भागेल? न भागेल तर फीस कमी असलेलें सरकारी किंवा अनुदानित महाविद्यालय शोधावें. मंजूर झालेली सगळी रक्कम उचललीच पाहिजे असेंही नाहीं. शिक्षणाच्या कर्जांतून मोटारसायकल किंवा बहिणीच्या लग्नाचा खर्च कधींही करूं नये.

5. अडचण आल्यास

नोकरी लागली नाहीं म्हणून बँकेचीं पत्रें दडवून ठेवूं नयेत. हप्ता 90 दिवस थकला कीं बँक त्या खात्यास थकीत ठरविते. त्याची नोंद विद्यार्थ्याच्या व सहकर्जदार आईबापांच्याही नांवावर राहते, आणि पुढें शेतीसाठींही कर्ज मिळणें कठीण होतें. हप्ता चुकण्यापूर्वींच शाखेंत जाऊन लेखी अर्जानें मुदत वाढवून मागावी. एक हप्ता भरण्यासाठीं सावकाराकडून किंवा मोबाइलवर झटपट पैसे देणाऱ्यांकडून दुसरें कर्ज काढणें म्हणजे आगींतून निघून फुफाट्यांत पडणें होय.

चर्चेसाठीं प्रश्न

उपदेशकबंधूंनीं हे प्रश्न आईबाप व मुलें ह्यांस एकत्र बसवून विचारावे.

(1) आपल्या गांवांतील कोणत्या मुलामुलींचे दाखले अद्याप तयार नाहींत? त्यांस तहसील कचेरींत कोण घेऊन जाईल?

(2) आपल्या घरीं शिक्षणाचा चार वर्षांचा एकंदर खर्च कागदावर मांडला आहे काय?

(3) अभ्यासाच्या काळांत व्याजापैकीं दरमहा किती रुपये आपण भरूं शकूं?

(4) कर्ज फेडून मोकळा झालेला कोणी आपल्यांत आहे काय? त्यानें तें कसें फेडलें हें त्याच्याच तोंडून ऐकावें.