फायनल इयरचा प्रोजेक्ट: विषय लहान घ्या, काम पूर्ण करा

शेवटचं वर्ष सुरू झालं की इंजिनीअरिंगच्या मुलांमागे सिनॉप्सिसची घाई लागते. विषय सुचत नाही, गाइड तारीख देतात, मग कुणीतरी सांगतं की तयार प्रोजेक्ट मिळतात, रिपोर्टसकट. वर्ष वाया जाऊ नये म्हणून पालकही पैसे काढून देतात. पालकहो, हे पैसे देऊ नका. विकतच्या प्रोजेक्टचं बिंग तोंडी परीक्षेत (व्हायवात) एक्स्टर्नल परीक्षकाच्या दोन प्रश्नांत फुटतं. शिवाय फ्रेशरकडे अनुभव नसतो, त्यामुळे नोकरीच्या मुलाखतीत बोलण्यासारखं जे काही असतं ते बहुतेक प्रोजेक्टमधूनच येतं.

विषयाची सुरुवात 'एआय' किंवा 'आयओटी' या शब्दांपासून नको, अडचणीपासून हवी. 'स्मार्ट शेती' हा विषय फार पसरट आहे. 'आमच्या काळ्या मातीत स्वस्त ओलावा सेन्सर कितपत अचूक चालतो?' हा प्रश्न मात्र चौघांच्या ग्रुपला वर्षभर पुरेल. ईएसपी३२ या मायक्रोकंट्रोलर बोर्डावर सेन्सरचं रीडिंग ० ते ४०९५ असा नुसता आकडा म्हणून येतं. ती ओलाव्याची टक्केवारी नव्हे. ती काढायला मातीचे नमुने ओले असताना तोलायचे, सुमारे १०५ अंश सेल्सिअसला ओव्हनमध्ये वाळवायचे आणि पुन्हा तोलायचे. सिव्हिलच्या सॉइल लॅबमध्ये विचारा, तिथे ओव्हन असतो. दोन उघड्या दांड्यांचा सेन्सर मातीत गंजतो, म्हणून कपॅसिटिव्ह घ्या. काळी माती वाळली की भेगाळते, सेन्सरभोवती हवा शिरते आणि रीडिंग बिघडतं. हे ज्यानं स्वतः पाहिलं, त्याला व्हायवाची भीती उरत नाही.

विषय पक्का करण्यापूर्वी तीन गोष्टी तपासा. डेटा किंवा नमुने खरोखर हाती येतील का? सातव्या सेमिस्टरअखेर साधं का होईना, चालणारं मॉडेल उभं राहील का? चौघांनाही स्वतःचं म्हणता येईल असं काम आहे का? विषय सुचतच नसेल, तर २०१७पासून होणाऱ्या स्मार्ट इंडिया हॅकेथॉनमध्ये सरकारी खात्यांनी मांडलेल्या समस्या वाचा आणि त्यातला एक लहान तुकडा उचला.

पालकांनी विषय भारदस्त वाटतो का, हे पाहू नये. 'या आठवड्यात काय चाललं नाही आणि का?' एवढं मुलांना जरूर विचारावं.

आणि विद्यार्थ्यांनो, गाइडना भेटायला जाताना तीन वाक्यं लिहून न्या: प्रश्न काय आहे, तो कुणाचा आहे आणि सुटला हे कशावरून ठरवणार. ती लिहिता आली, तर विषय पक्का समजा.