दसऱ्याचा मुहूर्त

भाची पुण्यातल्या एका फराळ-मसाल्याच्या कंपनीत नवी ईआरपी, म्हणजे साठा-हिशोब एकत्र सांभाळणारी संगणक प्रणाली, बसवते आहे, याचं रेवदंड्याच्या मामांना कौतुकच होतं. पण सहाही गोदामं एकाच दिवशी, तीही दसऱ्याला, नव्या प्रणालीवर जाणार असं बहिणीने फोनवर सांगितलं. जुन्या स्टोअरकीपरने बदली मागितली, हेही तिच्याकडूनच कळलं. मामांनी त्याच रात्री पत्र लिहायला घेतलं.

"मुहूर्त शेठने काढला की तू?" अशीच सुरुवात. नारळी पौर्णिमेआधी कुंडलिकेच्या तोंडातून होडी काढतं का कुणी? असं विचारून ते थेट अमेरिकेत पोचले. हर्शी या चॉकलेट कंपनीने चार वर्षांचं काम अडीच वर्षांत रेटून 1999 च्या जुलैत नवी प्रणाली चालू केली. हॅलोविनच्या तोंडावर माल गोदामात पडून आणि ऑर्डरी अडकलेल्या. सुमारे 10 कोटी डॉलरचा माल वेळेत गेला नाही, तिमाहीचा नफा 19 टक्क्यांनी घसरला. मामा वाचतात फार, आणि वाचलेलं सोडत नाहीत.

उलट आपल्या स्टेट बँकेने कोअर बँकिंगसाठी टीसीएसला 2002 मध्ये काम दिलं. सगळ्या शाखा जोडून व्हायला 2008 उजाडलं. तुमच्या सहा गोदामांना कसली घाई? दसरा टाळ.

स्टोअरकीपरपाशी आल्यावर मात्र सूर उतरतो. बँकांत संगणक आले तेव्हा मामा काउंटरवर तरणेबांड होते. निवृत्तीला टेकलेला एक कॅशियर संध्याकाळी शिकायला मागे उभा राहायचा. "एकदा त्याला चारचौघांत बोललो. पुन्हा आला नाही." त्याखालच्या दोन ओळी खोडलेल्या आहेत.

"एकच माल दोन नावांनी कुठे चढलाय, ते त्या स्टोअरकीपरलाच ठाऊक. याद्या त्याच्याकडून तपासून घे. आधी एक गोदाम कर, तेही दिवाळीनंतर. आणि दसरा..." इथे मामांना स्वतःलाच हसू आलं असावं.

"जास्त बोललो असेन तर सोडून दे. रात्री जेवत नाहीस म्हणे. वाडीतले नारळ आणि आमसुलं पाठवलीत, थोडी त्या स्टोअरकीपरलाही दे. शेठला तारीख बदलायला सांगणं जड जात असेल तर कळव. मी येतो."