मुरुमांवरचे मलम आणि माहितीची विषमता

पौगंडावस्थेत अँड्रोजेन संप्रेरकांमुळे त्वचेतील तैलग्रंथी अधिक तेल स्रवतात, मृत पेशींनी रोमछिद्रे बुजतात, तेथे जीवाणू वाढून दाह होतो आणि मुरूम येतात. अस्वच्छता हे त्यांचे मूळ कारण नव्हे. गजकर्ण किंवा नायटा हा मात्र बुरशीचा संसर्गजन्य विकार होय.

दोन्हींवर अनेक जण चिठ्ठीविना स्टेरॉइडयुक्त मलम आणतात. अर्थशास्त्राचा संबंध येथे येतो. जॉर्ज अकेरलॉफ यांनी १९७० मध्ये मांडलेल्या माहितीच्या विषमतेत ग्राहकाला वस्तूचा दर्जा ठाऊक नसतो. येथे तर त्याचा स्वतःचा अनुभवही दिशाभूल करतो. दाह दबतो, काही दिवसांत चेहरा उजळ दिसतो आणि तेच मलम पुन्हा घेतले जाते. पुढे त्वचा पातळ होते, नवे मुरूम उठतात आणि मलम थांबवताच लाली उसळते.

गजकर्णात बाह्य परिणामाची भर पडते. खाज थांबते, बुरशी मात्र पसरत राहते. तिची किंमत कुटुंबीयही मोजतात. टर्बिनाफिन या औषधाला सहसा दाद न देणारी एक प्रजाती भारतात आढळली असून २०२० मध्ये तिला ‘ट्रायकोफायटन इंडोटिनी’ हे नाव मिळाले.

मार्च २०१८ मध्ये केंद्र सरकारने १४ स्टेरॉइडांच्या मलमांना असलेली सूट रद्द करून ती ‘अनुसूची एच’च्या कक्षेत आणली. चिठ्ठीविना त्यांची विक्री आता नियमबाह्य आहे. परीक्षार्थींनी एवढे ध्यानात घ्यावे, की नियम केंद्राचा असला तरी दुकानांची तपासणी करणारे औषध निरीक्षक मुख्यतः राज्यांच्या अखत्यारीत येतात.