शेवटच्या ओळीतला आकडा

चि. मृण्मयी हिस अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र आणि सोबत पाठवलेली वहीच्या पानांची छायाचित्रे पोहोचली. फार्म. डी. पूर्ण करून, परदेशी पदवीधरांसाठी असलेली पहिली परीक्षा ओलांडून तू आता अमेरिकेतल्या औषधविक्रेत्यांच्या परवान्यासाठीच्या नेपलेक्स परीक्षेच्या तयारीला लागलीस, याचे समाधान वाटते. आणि सरावपुस्तकातल्या हेपरिनच्या गणितावरून प्रश्न रचणाऱ्यांविरुद्ध तू जी फिर्याद माझ्याकडे गुदरली आहेस, तीही मोठ्या कौतुकाने वाचली. ‘उत्तर एका दशांश स्थळापर्यंत द्या’ एवढेच लिहून मोकळे होणाऱ्या लेखकाने, हा हुकूम केवळ अंतिम उत्तराला लागू आहे की मधल्या प्रत्येक पायरीला, याचा खुलासा करायला हवा होता, हे तुझे म्हणणे सर्वस्वी रास्त आहे. परंतु परीक्षागृहात दाद मागायला कोणी नसते, आणि एकदा पुढे गेल्यावर मागच्या प्रश्नाकडे परतण्याचीही सोय नसते. म्हणून अशा संदिग्ध प्रसंगी काय धोरण ठेवावे, हे आजच ठरवून ठेव.

तुझेच गणित घेऊ. रुग्णाचे वजन 170 पाउंड, म्हणजे 2.2 ने भागून 77.27 किलो, आणि त्यापुढेही अंक चालूच राहतात. दर किलोला ताशी 18 युनिट द्यायचे आहेत, आणि 500 मिलिलिटरच्या पिशवीत 25,000 युनिट आहेत, म्हणजे मिलिलिटरला 50. वजन जसेच्या तसे पुढे नेले तर पंपाचा वेग ताशी 27.82 मिलिलिटर निघतो व उत्तर 27.8 येते, आणि तू केलेस तसे पहिल्याच पायरीवर त्याचे 77 किलो करून टाकले, तर 27.72 निघून उत्तर 27.7 होते. रुग्णाच्या दृष्टीने या दोहोंत काडीचाही फरक नाही, कारण सहा तासांनी रक्त तपासून तो वेग गरजेप्रमाणे बदलायचा असतो. पण जिथे पर्याय दिलेले नसून उत्तराचा आकडा स्वतःच लिहायचा असतो, तिथे संगणकाला तुझ्या पायऱ्या दिसत नाहीत, त्याला फक्त शेवटची संख्या दिसते. तेव्हा शिरस्ता असा ठेव की, स्पष्ट आज्ञा नसेल तर मधली कोणतीही संख्या आसन्न करायची नाही. भागाकार गणकयंत्रातच राहू द्यावा, कच्च्या कामाच्या फळ्यावर उतरवून पुन्हा आत भरू नये. तुझ्या वहीत जिथे जिथे उत्तर चुकले आहे, तिथे बहुतेक वेळा या उतरवण्यातच अंक गळाले आहेत.

दुसरी बाब जरा नाजूक आहे. एनसीईआरटीच्या अकरावीच्या पदार्थविज्ञानात असे शिकवले जाते की, टाकून द्यायचा अंक नेमका 5 असेल तर त्याच्या आधीचा अंक सम असल्यास तसाच ठेवावा, विषम असल्यास एकाने वाढवावा. ती सवय तुझ्या हाताला इतकी जडली आहे की 12.5 चे तू 12 केलेस. मोजमापांच्या शास्त्रात तो संकेत समर्थनीय आहे. औषधांच्या हिशेबात मात्र 5 आला की वर जायचे, हाच इथला दस्तूर आहे.

आणि जिथे आसन्न करण्याविषयी प्रश्न मौन पाळतो, किंवा त्याहून वाईट म्हणजे निष्काळजीपणाने सरसकट ‘जवळचा पूर्णांक’ मागतो, तिथे उत्तर ज्या वस्तूत मोजायचे आहे त्या वस्तूकडे पाहा. मात्रा 230 मिलिग्रॅम आणि कुपीत 100 असतील तर 2.3 चा जवळचा पूर्णांक 2 आहे खरा. पण दोन कुप्यांत ती मात्रा भरत नाही, म्हणून मी 3 लिहीन. उलट 300 युनिटचे इन्शुलिनचे पेन रोज 22 युनिट घेणाऱ्याला किती दिवस पुरेल, या प्रश्नात भागाकार 13.6 येतो, आणि इथे 14 लिहिणे म्हणजे चौदाव्या दिवशी रुग्णाला अपुऱ्या मात्रेवर ठेवणे होय. ठिबकाचे थेंब अर्धे पडत नाहीत; एक मिलिलिटरच्या सिरिंजवर शतांशाच्या खुणा असतात, तीन मिलिलिटरच्या सिरिंजवर दशांशाच्याच. हे ज्ञान पुस्तकातून येते त्याहून सिरिंज हातात धरून लवकर येते, तेव्हा इंटर्नशिपच्या दुकानात उभी असताना ती उजेडात धरून नीट पाहत जा.

जाता जाता शून्याविषयी. तुझ्या वहीत ‘.5’ आणि ‘5.0’ अशी दोन्ही रूपे दिसली. अमेरिकेतल्या इस्पितळांना मान्यता देणाऱ्या जॉइंट कमिशनने 2004 साली टाळावयाच्या लेखनप्रकारांची जी यादी केली, तिच्यात ही दोन्ही आहेत. टिंब पुसट उठले की पहिल्याचे 5 होतात, दुसऱ्याचे 50. परीक्षेत याचे गुण जातील की नाही हा वेगळा प्रश्न, पण लेबल लिहिण्याची सनद मिळवायला निघालेल्या मुलीने वहीतसुद्धा 0.5 आणि 5 असेच लिहावे.

कायद्याच्या परीक्षेसंबंधी तू विचारलेस. दर राज्याची कलमे निराळी असल्याने तुझे राज्य निश्चित झाल्यावरच त्याविषयी लिहिते. दादा-वहिनींना नमस्कार सांग. कळावे, लोभ आहेच.

तुझी आत्या