सिझेरियननंतरचा ब्लॉक: आधी विचारून घ्या

‘बाळंतपण म्हटलं की दुखायचंच’ हे वाक्य मला आता ऐकवत नाही. टाके दुखतात हे खरंच, पण ते किती दुखू द्यायचे हे बरंचसं ऑपरेशन टेबलावरच ठरतं, आणि जिचं पोट कापलंय तिला ते कुणी सांगत नाही. कमरेत दिलेली भूल काही तासांत उतरते. पुढच्या रात्रीसाठी ‘ब्लॉक दिलाय’, म्हणजे नसा बधिर करणारं इंजेक्शन दिलंय, एवढंच कळतं. टॅप ब्लॉकमध्ये औषध पोटाच्या स्नायूंच्या थरांमध्ये सोडतात. त्याने कातडी आणि स्नायू बधिर होतात, गर्भाशय आवळताना येणारी आतली कळ मात्र थांबत नाही. म्हणूनच ‘ब्लॉक देऊनही दुखतंय?’ असं कपाळाला आठ्या घालून विचारणं हा अन्याय आहे. बाई कांगावा करत नसते. क्यूएल ब्लॉक आणखी मागे, कमरेच्या स्नायूपाशी देतात. औषध मणक्याकडे पसरून आतली कळही कमी व्हावी, ही त्यामागची अपेक्षा. 2016 साली भूलतज्ज्ञ ब्लँको यांनी टॅप आणि क्यूएलची जी तुलना केली, तीत क्यूएल मिळालेल्या बायकांना मॉर्फिन कमी लागलं. पण औषध दर वेळी तसंच पसरेल याची खात्री नाही, क्वचित पायही जड पडतो.

तरीही ‘टॅप की क्यूएल’ हा पहिला प्रश्नच नव्हे. कमरेतल्या भुलीतच अगदी थोडं मॉर्फिन, साधारण 100 मायक्रोग्रॅम, घातलं असेल तर पहिला दिवस बराच सुसह्य जातो आणि वर टॅप ब्लॉक देऊन फारसा फरक पडत नाही. मॉर्फिनने खाज सुटते, मळमळतं, क्वचित श्वास मंदावतो, म्हणून रात्रभर लक्ष ठेवावं लागतं. लहान रुग्णालयात हे औषध नसतं, माणसंही अपुरी असतात, हा आक्षेप मला मान्य आहे. पण मग तिथेच ब्लॉक द्यायला हवा. बाईला तशीच कण्हत ठेवायचं ते कारण होऊ शकत नाही. ‘दूध पाजायचंय, गोळ्या नकोत’ हेही चुकीचं. पॅरासिटामॉल आणि आयब्युप्रोफेन स्तनपानात चालतात. ॲलर्जी, अल्सर किंवा किडनीचा त्रास असेल तर आधी सांगावं, आणि गोळ्या कळ चढण्याची वाट न पाहता ठरल्या वेळी घ्याव्यात. ब्लॉकनंतर तोंडाभोवती मुंग्या आल्या किंवा कानात गुणगुण वाटली तर तत्क्षणी सांगा, औषध रक्तात जास्त गेल्याची ती खूण असू शकते. आणि भूलतज्ज्ञांना ऑपरेशनच्या आदल्या दिवशीच विचारा: मॉर्फिन घालणार का, नसेल तर कुठला ब्लॉक, आणि तो उतरल्यावर रात्री काय देणार?