गोठणारे पाइप आणि जाणारी वीज

महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी दव गोठले की आपल्याकडे वर्तमानपत्रात फोटो येतो. न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर तीच थंडी घरातल्या नळापर्यंत पोहोचते. जुलै १९९६ मध्ये इनव्हरकार्गिलला पारा उणे ९ अंशांपर्यंत उतरला आणि त्या भागात अनेक घरांचे पाइप फुटले. ऑकलंडकरांना हे लांबचे वाटेल. पण ड्युनेडिन, क्वीन्सटाउनकडे नोकरीनिमित्त गेलेल्या आपल्या कुटुंबांनी थंडीबरोबर विजेचाही विचार करायला हवा.

पाइप का फुटतो?

पाणी गोठताना सुमारे ९ टक्के प्रसरण पावते. पाइपात बर्फाचा बोळा बसला की तो आणि बंद नळ यांच्यामध्ये अडकलेल्या पाण्यावरचा दाब वाढतो व पाइप फाटतो. बर्फ असेपर्यंत गळती कळत नाही. दुपारी तो वितळला की पाणी भिंतीत आणि छतात शिरते. लाकडी जमिनीखालचे, माळ्यावरचे आणि बाहेरच्या भिंतीवरचे पाइप आधी गोठतात.

वीज का जाते?

येथील निम्म्याहून अधिक वीज पाण्यापासून होते. हिवाळ्यात दक्षिणेच्या डोंगरांत पावसाऐवजी बर्फ पडतो, त्यामुळे तलावांत पाणी कमी येते आणि विजेची मागणी मात्र वाढते. १९९२ च्या हिवाळ्यात तलाव खालावल्याने देशभर वीज वाचवावी लागली. ९ ऑगस्ट २०२१ च्या गारठलेल्या संध्याकाळी मागणीला वीज पुरली नाही आणि सुमारे ३४ हजार घरांत अंधार झाला. जून २००६ मध्ये कँटरबरीत बर्फाच्या भाराने तारा तुटल्या; काही ठिकाणी वीज यायला आठवड्याहून अधिक काळ लागला. आपल्याकडच्या भारनियमनाला निदान वेळापत्रक असे. येथे ते नाही, म्हणून तयारी आधीच हवी.

काय करावे?

१. घराला येणारे पाणी बंद करणारा मुख्य व्हॉल्व्ह बहुधा हद्दीजवळ जमिनीतल्या पेटीत असतो. त्याला येथे 'टोबी' म्हणतात. तो शोधून एकदा फिरवून पाहा.
२. उघड्या पाइपांना हार्डवेअरच्या दुकानात मिळणारे फोमचे आवरण घाला.
३. कडाक्याच्या रात्री एक नळ बारीक धारेने चालू ठेवा.
४. पाइप गोठलाच तर नळ उघडा ठेवून, नळाच्या बाजूने गरम ओल्या फडक्याने शेक द्या. ज्योत कधीही लावू नका.
५. पाइप फुटला तर आधी टोबी बंद करा. पाणी दिवे किंवा प्लगपर्यंत गेले असेल तर ओल्या हाताने स्विचला हात न लावता इलेक्ट्रिशियनला बोलवा.
६. वीज गेल्यावर हीटरची बटणे बंद करा. गावाबाहेर टाकीचे पाणी पंपाने येत असेल तर वीज जाताच पाणीही जाते. पिण्याचे पाणी भरून ठेवा.
७. उबेसाठी बार्बेक्यू किंवा कोळशाची शेगडी घरात कदापि पेटवू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. बंद खोलीत तो जीव घेतो.
८. घरात कोणी श्वासाच्या यंत्रावर असेल तर वीज कंपनीकडे तशी नोंद करा, आणि वीज गेल्यास काय करायचे ते डॉक्टरांना विचारून ठेवा.

खर्चाची बाजू

अचानक फुटलेल्या पाइपामुळे झालेले नुकसान घराच्या विम्यात बहुधा मिळते. हळूहळू झिरपून झालेल्या नुकसानीला मात्र अनेक पॉलिसींत मर्यादा असते. फुटलेल्या पाइपाचे फोटो काढा, प्लंबरची पावती जपा. जुलैच्या सुट्टीत भारतात जाणार असाल तर टोबी आणि पाणी तापवण्याचा सिलिंडर दोन्ही बंद करा. घर बरेच दिवस रिकामे राहणार असेल तर विमा कंपनीला आधी कळवा.

भारतातून आलेले आई-वडील अनेकदा दिवसभर घरी एकटे असतात. टोबी कुठे आहे आणि वीज गेल्यास कोणाला फोन करायचा, हे त्यांना या शनिवार-रविवारी प्रत्यक्ष दाखवा. फोन नंबर मराठीत मोठ्या अक्षरांत लिहून फ्रीजवर चिकटवा.